वाटपापेक्षा विसावा

मार्च उजाडला की राज्यातल्या बहुतेक ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना एका निधीची आठवण होते. स्वउत्पन्नातला ५ टक्के वाटा दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा शासनाचा दंडक आहे. पूर्वी हा वाटा ३ टक्के होता, तो वाढवून ५ टक्के झाला. आर्थिक वर्ष संपत आले की लाभार्थ्यांची यादी निघते, प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स गोळा होतात आणि मग कुठे दोन-तीन हजारांचा धनादेश, कुठे भांड्यांचा संच, कुठे ब्लँकेट, कुठे पिठाची गिरणी असे काहीबाही वाटून, सरपंच-सदस्यांसोबत फोटो काढून खर्च ‘पडतो’. अनेक ठिकाणी तेवढेही होत नाही. निधी तसाच राहतो आणि त्याच्यासाठी दिव्यांग संघटनांना पंचायतीच्या दारात ठिय्या द्यावा लागतो. निधी खर्च झालाच पाहिजे ही त्यांची मागणी रास्त आहे. पण तो कशावर खर्च होतो, याची चर्चा मात्र ग्रामसभेत फारशी होत नाही, आणि होते तेव्हा ती यादीत कोणाचे नाव राहिले एवढ्यापुरतीच असते. माझे म्हणणे असे की, या पैशातला निदान निम्मा भाग वाटपातून बाहेर काढावा आणि विशेष गरजा असलेली मुले ज्या घरांत आहेत त्या घरांसाठी, चालत किंवा एका रिक्षात गाठता येईल अशा अंतरावर, ठरलेल्या वारी नियमित चालणारी केंद्रे त्यातून उभी करावीत. मुलासाठी योजना आहेत, अपुऱ्या का होईना. त्या मुलाला चोवीस तास सांभाळणाऱ्या घरासाठी जवळपास काहीच नाही.

ही घरे थोडीथोडकी आहेत असा समज असेल तर तो आधी दूर व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २.६ टक्के. देशभरात त्या वेळी १९ वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलांची संख्या ७८ लाखांवर होती. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने युनेस्कोसाठी २०१९ मध्ये तयार केलेल्या अहवालाने याच आकड्यांतून दाखवून दिले की, पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीन चतुर्थांश कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती आणि पाच ते एकोणीस या वयातली एक चतुर्थांश शाळेबाहेर होती. जनगणनेत स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले, ते नंतरचे. प्रत्यक्ष तपासणी करून मोजले तर चित्र आणखी बदलते. २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांत मेंदूच्या वाढीशी निगडित कोणता ना कोणता विकार असण्याचे प्रमाण ठिकाणानुसार ६.५ ते १८.५ टक्के निघाले. त्यात ऐकू कमी येण्यापासून फिटस्, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि अध्ययन अक्षमतेपर्यंत सगळे आले. प्रत्येकाला सारखीच मदत लागते असे नाही. तरीही सगळ्यांत खालचा आकडा धरला तरी चाळीसच्या वर्गात दोन-तीन मुले अशी असतात. प्रत्येक मुलामागे एक घर असते, आणि बहुतेक घरांत त्या मुलामागे एकच माणूस असतो, त्याची आई.

आजची व्यवस्था काय देते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत आणि एकदा शाळांत जाऊन मुले तपासतात. ज्यांच्यात दोष किंवा वाढीतला विलंब दिसतो त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या डीईआयसीकडे पाठवतात. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सिव्हिलमधून मिळते. समग्र शिक्षा अभियानात विशेष शिक्षक आहेत, अंथरुणाला खिळलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. अंगणवाड्यांसाठी दिव्यांग बालकांची स्वतंत्र कार्यपद्धती केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणली. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागच स्थापन केला. कागदावर ही साखळी वाईट नाही. तिचा दोष असा की ती मुलाला शोधते, तपासते, क्रमांक देते आणि मग घरी पाठवते. घरी गेल्यावर पुढे काय, याचे उत्तर साखळीत कुठेच नाही.

ते ‘पुढे’ कसे असते ते जरा जवळून पाहू. तालुक्याच्या गावापासून आत राहणाऱ्या, पाच वर्षांच्या, बोलणे न आलेल्या मुलाला डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी आणि एकदा ऑक्युपेशनल थेरपी (ओटी) सांगितलेली असते. दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळची पहिली एसटी गाठायची, मूल गर्दीत आणि हॉर्नच्या आवाजात बिथरले तर इतर प्रवाशांचे शेरे ऐकायचे, केस पेपर काढायचा, नंबर लावायचा, आणि अर्ध्या तासाची थेरपी झाली की ‘घरी हे करून घ्या’ अशा सूचनांचा कागद घेऊन दुपारच्या गाडीने परतायचे. आईचा रोजगार बुडतो. दुसरे मूल शाळेतून येते तेव्हा घराला कुलूप असते. महिना-दोन महिन्यांत आठवड्याच्या तीन फेऱ्यांची एक होते, मग पंधरवड्याची एक, मग शिबिर असेल तेव्हा. कागदोपत्री हे ‘उपचार मध्येच सोडले’ असे नोंदले जाते. प्रत्यक्षात त्या आईने शक्य तेवढे दिवस रेटलेले असते. आठवड्याच्या १६८ तासांपैकी अर्धा-दीड तास थेरपीचा आणि बाकी सगळे तास घराचे, हे गणित कितीही चांगले रुग्णालय बांधले तरी बदलत नाही. त्या बाकीच्या तासांत घराला हात कोण देणार, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.

या घरांच्या गरजा अवाजवी नसतात. पहिली गरज म्हणजे मुलाला दोन-तीन तास निर्धास्तपणे सोपवता येईल अशी जागा. तेवढ्या वेळात आई रेशन आणेल, शिवणाचे काम पूर्ण करेल, दवाखान्यात स्वतःला दाखवेल किंवा नुसती झोप काढेल. तिने त्या वेळाचे काय करावे हे विचारण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरी गरज मुलाची आहे. उपचार नसलेले, निकाल न लावणारे खेळणे-बागडणे त्याला हवे. आज विशेष मुलाच्या वाट्याला येणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट ‘थेरपी’ झाली आहे. चेंडू फेकणे हीसुद्धा व्यायामाची एक पायरी. वाळू, पाणी, ढोलकी, रंग, झोपाळा आणि त्यात सोबतीला गल्लीतली इतर मुले, एवढे कोणी दिले तर पुष्कळ होईल. तिसरी गरज इतर पालकांची. कोणत्या डॉक्टरांकडे प्रमाणपत्राचे काम अडते, फिटचे औषध जेनेरिकमध्ये कुठे मिळते, सोबत्यालाही रेल्वेत सवलत आहे, मुलीची पाळी सुरू झाल्यावर काय करायचे, हे कोणत्याही पुस्तिकेपेक्षा त्याच वाटेने चार वर्षे पुढे गेलेली दुसरी आई नीट सांगते. या तिन्ही गोष्टी एका छताखाली, आठवड्यातून तीन दुपारी मिळू शकतात. तेच मी म्हणतो ते विसावा केंद्र. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. गावोगावी आमदार-खासदार निधीतून बांधलेली समाजमंदिरे लग्न-बारसे सोडले तर बंदच असतात.

हे काही कोणाच्या कल्पनेतून आलेले लाड नाहीत. ते कायद्यात आहे. २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देते आणि त्यासाठी घरपोच तसेच वस्तीतल्या आधारसेवा मिळाव्यात असे सांगते. एकोणतिसावे कलम सांस्कृतिक जीवन आणि करमणुकीत सहभागासाठी सरकारबरोबरच स्थानिक स्वराज्य संस्थांवर जबाबदारी टाकते. चोविसावे कलम, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख करते. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत असा भत्ता महिना ६०० रुपये आहे. रक्कम किरकोळ, पण काळजी घेणे हे काम आहे याची ती सरकारी कबुली आहे. राष्ट्रीय न्यासाकडे दिवसभराच्या देखभालीच्या आणि तात्पुरत्या निवासाच्या योजनाही आहेत. अडचण अशी की त्या नोंदणीकृत संस्थांमार्फत चालतात, आणि संस्था जिथे आहेत तिथेच चालतात. मुंबई, पुणे, नाशिक, ठाणे अशा ठिकाणी निवड करता येईल इतक्या संस्था सापडतात. मराठवाड्यातल्या किंवा नंदुरबारमधल्या आतल्या तालुक्यात पालकाला न्यासाच्या ‘समर्थ’ किंवा ‘दिशा’ या योजनांची नावेही ठाऊक नसतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो तज्ज्ञांचा. स्पीच थेरपिस्ट जिल्ह्याला पुरत नाहीत, ते गावात कुठून आणणार? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, शोधले गेले आहे. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या ६५ कुटुंबांसोबत झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त प्रसिद्ध झाला. त्यात काम करणारे तज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखालचे साधे आरोग्य कार्यकर्ते होते. पद्धतही साधी. आई किंवा वडील मुलासोबत थोडा वेळ खेळतात, त्याचे चित्रीकरण होते, आणि मग कार्यकर्ता व पालक ते शेजारी बसून पाहतात. मूल चमच्याकडे बघत होते आणि आपण मात्र चेंडू पुढे करत होतो, किंवा आपण गप्प राहिलो त्या क्षणी मुलाने आपल्याकडे पाहिले, हे पालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. अशी बारा सत्रे, सहा महिन्यांत. पालकांचा मुलाच्या कलाने घेण्याचा भाग स्पष्टपणे वाढला आणि मुले स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. सगळ्या निकषांवर फरक पडला असे नाही. परस्परांत लक्ष गुंतून राहण्याचा वेळ उलट घटला, आणि बाकीच्या बाबतींत ठोस सुधारणा सिद्ध झाली नाही. इतक्या लहान प्रयोगावरून चमत्काराचा दावा करू नये. पण तज्ज्ञ नसलेल्या माणसाच्या हातून, घरच्या चटईवर, मोजता येईल असे काही घडू शकते, एवढे तो निश्चित सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने वाढीत मागे असलेल्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी बनवलेला अभ्यासक्रमही याच धर्तीचा आहे: नऊ गटसत्रे, तीन गृहभेटी आणि शिकवणारा बिगरतज्ज्ञ. थेरपिस्टचे काम यातून संपत नाही. महिन्यातून दोनदा येऊन दिशा देणे आणि चुका दुरुस्त करणे हे त्यांचे काम राहते, आणि त्यामुळे आज दहा मुलांना पुरणारा एक थेरपिस्ट शंभर घरांपर्यंत पोचू शकतो.

दुसरा आक्षेप असा की, स्थानिक संस्थांना रस्ते-गटारे जमत नाहीत, त्यांना हे नाजूक काम काय जमणार? केरळने याचे उत्तर वीस वर्षांपूर्वी दिले. २००४ मध्ये तिरुवनंतपुरमजवळच्या वेंगानूर ग्रामपंचायतीने बौद्धिक अक्षम मुलांसाठी पहिली ‘बड्स’ शाळा सुरू केली. आज तिथे अशा तीनशेहून अधिक संस्था आहेत. लहान मुलांसाठी शाळा आणि अठरा वर्षांवरील मुला-मुलींसाठी दिवसा चालणारी पुनर्वसन केंद्रे. त्या चालवतात स्थानिक स्वराज्य संस्था, आणि त्यांना बळ देते कुटुंबश्री हे महिला बचत गटांचे जाळे. केरळची पंचायत आणि आपली पंचायत यांत निधीचा व अधिकारांचा फरक आहे हे मान्य. पण बचत गटांचे जाळे आपल्याकडेही आहे. ‘उमेद’ आणि माविमचे गट नसलेले गाव शोधावे लागेल. शिवाय शासनाने २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे मंजूर केली आहेत, आणि राज्यातल्या शाळांच्या केंद्रांची संख्याही नेमकी तेवढीच आहे. दहा-बारा गावांच्या एका केंद्रामागे एक विशेष शिक्षक हा सांगाडा त्यातून तयार झालेला आहे. त्या सांगाड्याला लागून एक विसावा केंद्र उभे करणे म्हणजे नवा विभाग काढणे नव्हे, आहे त्याला जोड देणे आहे.

आता पैशाचे. एकट्या गावाला हे परवडणार नाही हा आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच हिशेब गावाचा न मांडता शाळांच्या केंद्राचा मांडला पाहिजे. वीस हजार वस्तीच्या दहा-बारा गावांत जनगणनेच्या प्रमाणाने सव्वापाचशे दिव्यांग व्यक्ती येतात, त्यांतली दीडशेच्या आसपास वीस वर्षांखालची. त्यांतल्या सगळ्यांना असे केंद्र लागेल असे नाही; तीस-चाळीस घरे नियमित आली तरी केंद्र भरलेले राहील. उदाहरणादाखल समजा की, त्या बारा ग्रामपंचायतींचे स्वउत्पन्न सरासरी दहा लाख आहे. ५ टक्क्यांनी प्रत्येकीचे पन्नास हजार, मिळून सहा लाख. निम्मे केंद्रासाठी घेतले तर तीन लाख. आठवड्यातून तीन दुपारी काम करणाऱ्या दोन स्थानिक बायांना महिना सहा हजार मानधन दिले तर वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होतात. उरलेल्या दीड लाखात रिक्षाभाडे, खेळसाहित्य, खाऊ आणि थेरपिस्टच्या फेऱ्या बसवता येतात. ज्या गावांचे उत्पन्न पाच-सात लाखांच्या पुढे जात नाही तिथे हे गणित जुळणार नाही, विशेषतः आदिवासी पाड्यांत. तिथे जिल्हा परिषदेने आपल्या सेसमधल्या दिव्यांग निधीतून भर घातली पाहिजे. जिल्हा परिषदांनाही असा निधी राखावाच लागतो, आणि तोही बहुधा वस्तुवाटपावरच जातो. शहरांत तर रडगाण्याला जागाच नाही. महापालिकांचे ५ टक्के ही मोठी रक्कम असते आणि वॉर्डावॉर्डांत पालिकेचे हॉल, बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या, वाचनालये उभी आहेत.

याहून अवघड आक्षेप दिव्यांग व्यक्तींकडूनच येऊ शकतो, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. हा निधी सगळ्या दिव्यांगांचा आहे; त्यातला निम्मा मुलांच्या घरांकडे वळवला तर अंध म्हाताऱ्याने, पाय गेलेल्या शेतमजुराने काय करायचे? शिवाय गरिबाला रोख रक्कमच उपयोगी, तिचे काय करायचे ते त्याला कळते. केंद्र काढणे म्हणजे त्याच्यासाठी दुसऱ्याने ठरवणे. रोख मदतीचा हा कैवार मला पटतो, म्हणूनच मी पूर्ण निधी मागत नाही. पण वर्षातून एकदा हातात पडणारे दोन-तीन हजार ही काही सामाजिक सुरक्षा नव्हे. दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन पुरेसे आणि वेळेवर देणे हे राज्याचे काम आहे. ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या वाटपाने राज्याला त्यातून सुटका मिळू नये. तीनचाकी, श्रवणयंत्र, कॅलिपर यांसाठी केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे. म्हणजे रोख राज्याकडून आणि साधने केंद्राकडून मिळण्याची वाट आहे. ती खडबडीत आहे, पण आहे. रोज जवळ असणारा माणूस मात्र मुंबई-दिल्लीहून पाठवता येत नाही. जे काम फक्त गावच करू शकते, त्यावर गावाचा पैसा लागावा, हा साधा न्याय आहे. आणि विसावा केंद्राची खोली सकाळी रिकामीच असते. तिथे प्रौढ दिव्यांगांची फिजिओथेरपी, प्रमाणपत्रांचे अर्ज, ब्रेल किंवा सांकेतिक भाषेचे वर्ग घ्यायला कोण अडवतो?

समावेशक शिक्षणासाठी झगडणाऱ्यांची शंका वेगळी आहे. मुलांना पुन्हा एका वेगळ्या खोलीत बसवणार का, असे ते विचारतील. शाळेला पर्याय म्हणून असे केंद्र काढले तर त्यांचा विरोध योग्यच ठरेल, आणि पटावर नाव असलेले मूल ‘तिकडे पाठवा’ म्हणून वर्गातून बाहेर काढण्याची पळवाट शाळांना मिळता कामा नये. म्हणून केंद्राची वेळ शाळा सुटल्यानंतरची हवी, आणि दार गल्लीतल्या सगळ्या मुलांना उघडे हवे. बहुतेक विशेष मुलांचा वर्गातला वेळ शेजारी बसण्यात जातो, सोबत खेळण्यात नव्हे. ती सोबत संध्याकाळच्या मैदानावर घडते. तिथे येणारी भावंडेही महत्त्वाची आहेत. घरातले सगळे लक्ष एका मुलाकडे जात असताना दुसरे मूल फार लवकर शहाणे होते, आणि त्याची चौकशी कोणीच करत नाही. सुरक्षिततेची शंका मात्र सगळ्यांत वजनदार आहे. न बोलणाऱ्या मुलावर अत्याचार झाला तर ते सांगणार कसे? त्यामुळे एका वेळी किमान दोन प्रौढ, त्यांची पोलीस पडताळणी, दार-खिडक्या उघड्या, आणि रोज आळीपाळीने एक पालक हजर, हे नियम सुरुवातीपासून आणि कोणतीही सूट न देता हवेत. हे जमत नसेल तिथे केंद्र काढूच नये.

काहीजण म्हणतील, आपल्या समाजात कुटुंब अजून शाबूत आहे. आजी-आजोबा, काका-काकू असताना सरकारी विसावा कशाला? ज्या घरांत असा आधार आहे तिथे तो मोलाचा आहेच. पण गावातून तरुण माणसे कामाला बाहेर पडली, घरे लहान झाली, आणि जिथे एकत्र कुटुंब टिकले तिथेही मुलाचे दिव्यांगत्व सुनेच्या माथी मारणारे कमी नाहीत. कुटुंबावर भिस्त ठेवायची असे म्हणताना आपण बहुतेक वेळा एका बाईवर भिस्त ठेवत असतो आणि तिच्या श्रमाचा हिशेब कुठेच धरत नाही. सरकारी नोकरीतल्या आईला निदान बालसंगोपन रजा आहे, आणि दिव्यांग मुलाच्या आईला ती नाकारू नये असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावले. आयकर भरणाऱ्या पालकाला उत्पन्नातून वजावट मिळू शकते. ऊस तोडणारी, धुणीभांडी करणारी, भाजीची पाटी घेऊन बसणारी आई या दोन्हींच्या बाहेर आहे. तिच्यापर्यंत पोचणारी एकच यंत्रणा आहे, ती म्हणजे तिची ग्रामपंचायत किंवा तिचा वॉर्ड.

महाराष्ट्रात या क्षेत्राचा इतिहास पालकांनी आणि झपाटलेल्या माणसांनी घडवला आहे. मुंबईचे जय वकील विद्यालय १९४४ चे, पुण्याची कामायनी १९६४ ची. १९७२ मध्ये मिथू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली, १९७७ मध्ये रजनी लिमये यांनी नाशिकला प्रबोधिनी विद्यामंदिर उभे केले. ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नातून पालकांनीच बदलापूरला ‘आधार’ काढले. या कामाबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की, ज्या मुलाच्या आईत संस्था काढण्याची ताकद होती, जिला ओळखी होत्या, शहर होते, तिच्या मागे इतर मुलांची सोय झाली. जिथे अशी आई जन्मली नाही तिथे काही झाले नाही. हक्क असा योगायोगावर सोडता येत नाही. या संस्थांचे खरे बळ त्यांच्या अनुभवात आहे. प्रत्येक जिल्ह्यात एखाद-दुसऱ्या जुन्या संस्थेला कार्यकर्त्या घडवण्याचे आणि देखरेखीचे काम मोबदला देऊन सोपवले, तर तो अनुभव केंद्राकेंद्रांत पोचेल. आणि वय अठरा झाले की विशेष शाळेचे दार बंद होऊन जो तरुण मुलगा पुन्हा घरात बसतो, त्याच्यासाठी तेच विसावा केंद्र पुढे काम शिकण्याची, द्रोण-पत्रावळी किंवा कागदी पिशव्या करण्याची, निदान चार माणसांत वावरण्याची जागा होऊ शकेल.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. वैयक्तिक लाभांप्रमाणे सामूहिक कामांवरही हा निधी खर्च करता येतो. शासनाने एका निर्णयाने तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. निधीतला किमान निम्मा भाग नियमित चालणाऱ्या सेवांसाठी राखावा. शेजारच्या ग्रामपंचायतींना तो शाळांच्या केंद्रनिहाय एकत्र करता यावा आणि अखर्चित रक्कम मार्चअखेर भांड्यांत न जाता पुढच्या वर्षी केंद्राच्याच खात्यात राहावी. आणि खर्चाची मंजुरी देणाऱ्या समितीत निम्मे सदस्य विशेष मुलांचे पालक आणि स्वतः दिव्यांग व्यक्ती असाव्यात. यातली पहिली गोष्ट तर शासननिर्णयाशिवायही होऊ शकते. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा ग्रामसभेतच ठरतो. २ ऑक्टोबर असो की २६ जानेवारी, त्या सभेत कोणीतरी उठून विचारायला हवे की, गेल्या वर्षी दिव्यांग निधी किती जमा झाला, तो कशावर गेला, आणि गावातले समाजमंदिर बुधवारी दुपारी उघडे का असू नये. हा प्रश्न विशेष मुलांच्या पालकांनीच विचारावा असेही नाही. ते बहुतेक सभेला येऊच शकत नाहीत, कारण मुलाला सांभाळायला घरी दुसरे कोणी नसते. म्हणून तो इतरांनी विचारायचा आहे.